अंगणातली पाटी आणि दुसऱ्या एजंटचा मान: अमेरिकेत नव्यानं लायसन्स घेतलेल्यांसाठी

नोकरी सांभाळून किंवा नोकरी सोडून अमेरिकेत रिअल इस्टेटचं लायसन्स घेतलेले आपल्यातले बरेच जण मला फोन करतात. प्रश्न बहुतेक कमिशनचे, लीडचे (म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे), कोणत्या ब्रोकरेजमध्ये (एजंट ज्या ब्रोकरच्या हाताखाली काम करतो त्या कंपनीत) जावं याचे असतात. घरासमोरच्या 'फॉर सेल'च्या पाटीबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि दुसऱ्या एजंटशी पहिला खटका अनेकदा तिथेच उडतो. परीक्षेच्या पुस्तकात पाटीवर काय छापायचं ते असतं. पण अंगणात दुसऱ्या कंपनीची पाटी उभी असताना तुम्ही कसं वागायचं, हे कुणी बसवून शिकवत नाही.

हे शिकणं गरजेचं आहे, कारण इथे बहुधा घर विकणाऱ्याचा एजंट एक आणि घेणाऱ्याचा एजंट दुसरा असतो. आज ज्याची पाटी तुम्ही उपटून गवतात टाकलीत, त्याच्याच टेबलावर पुढच्या महिन्यात तुमच्या खरेदीदाराची ऑफर जाणार असते. पाटी लावण्यापासून ती उतरवण्यापर्यंत, जसं काम येतं त्या क्रमानं सांगतो.

हाताशी काय हवं

- मालकांची सही झालेला लिस्टिंग करार, म्हणजे घर विकायचं काम तुमच्या ब्रोकरेजकडे दिल्याचा करार. पाटी, रायडर (पाटीखाली लटकणारी पट्टी) आणि लॉकबॉक्स (घराची किल्ली ठेवायची कुलूपबंद डबी) लावायची परवानगी त्यात स्पष्ट लिहिलेली असावी
- तुमच्या ब्रोकरनं मंजूर केलेलं पाटीचं डिझाइन
- त्या गावाचे पाट्यांबद्दलचे नियम आणि घर एचओएमध्ये (घरमालकांच्या संघटनेत) असेल तर त्यांची नियमावली
- तुमच्या एमएलएसची (ब्रोकर एकमेकांना विक्रीची घरं कळवतात त्या स्थानिक यादीची) सध्याची नियमावली (जुनी पीडीएफ नको, दर वर्षी काही ना काही बदलतं)
- खांब बसवणाऱ्या कंपनीचा नंबर
- ८११ वर (खोदण्याआधी जमिनीखालच्या लाइनच्या खुणा करून देणारी सेवा) केलेल्या नोंदणीचा तिकीट नंबर
- गाडीत रबरी हातोडा, हातमोजे, जुनी चादर. चादर कशाला, ते पाचव्या पायरीत येईल

१. पाटी कुणाची आहे, हे आधी समजून घ्या

पाटीवर एजंटचा हसरा फोटो असला तरी लिस्टिंग त्या एजंटचं नसतं, ब्रोकरेजचं असतं. म्हणूनच एजंटनं कंपनी बदलली की लिस्टिंग आपोआप त्याच्याबरोबर जात नाही. जुन्या ब्रोकरनं सोडलं तरच जातं. जमीन मालकांची, पाटीचा पत्रा ब्रोकरेजचा किंवा एजंटचा, आणि लाकडी खांब बऱ्याचदा बसवणाऱ्या कंपनीचा, भाड्यानं आणलेला. लॉकबॉक्स आणखी वेगळ्याच खात्यावर नोंदवलेला असू शकतो. एवढ्याशा जागेत चार जणांची मालमत्ता उभी असते आणि तुमचं त्यात काहीच नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

बहुतेक एमएलएसच्या नियमांत हे सरळच लिहिलेलं असतं: घरासमोर 'फॉर सेल'ची पाटी फक्त लिस्टिंग ब्रोकरची.

२. मजकूर आणि परवानगी

अंगणातल्या पाटीचा पत्रा साधारण १८ बाय २४ किंवा २४ बाय ३६ इंचांचा असतो. खाली लटकणारी पट्टी म्हणजे रायडर, ती बहुधा ६ बाय २४ इंचांची. मजकुराचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये ब्रोकरचं नाव एजंटच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या संपर्क माहितीच्या निदान निम्म्या आकाराचं लागतं, आणि मालकांच्या लेखी परवानगीशिवाय पाटी लावणं हा लायसन्स कायद्याचा भंग ठरतो. कॅलिफोर्नियात एजंटचं नाव छापलं की लायसन्स नंबरही छापावा लागतो. तुमच्या राज्यात काय आहे ते ब्रोकरला विचारा आणि त्यांच्या मंजुरीशिवाय प्रिंटरला फाइल पाठवू नका. ऑनलाइन स्वस्तात छापून मिळतं म्हणून घाईनं ऑर्डर दिलेल्या पाट्या नंतर तशाच पडून राहतात.

तुम्ही नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या संघटनेचे सदस्य, म्हणजे 'रिअल्टर', असाल तर त्यांची आचारसंहिताही लागू होते. ती १९१३ सालापासून आहे. तिच्या १२व्या कलमाखाली कोणत्याही जाहिरातीत फर्मचं नाव सहज दिसेल असं असावं लागतं, आणि अधिकार नसताना दुसऱ्याच्या मालमत्तेची जाहिरात करता येत नाही. पाटी हीसुद्धा जाहिरातच.

३. खांब रोवण्याआधी

खांब रोवायचा असेल तर ८११ वर फोन करा किंवा ऑनलाइन नोंदणी करा. सेवा फुकट आहे. काही कामकाजाच्या दिवसांत माणसं येऊन जमिनीवर रंगानं खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन आणि इंटरनेट, हिरवा सांडपाणी. खांब बसवणारी कंपनी हे करते, पण तिकीट काढलं का, हे विचारून घ्या.

इथे नव्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. ८११वाले फक्त युटिलिटी कंपन्यांच्या लाइन दाखवतात. मालकांनी स्वतः घातलेले स्प्रिंकलरचे पाइप, अंगणातल्या ग्रिलची गॅस लाइन, कुत्र्यासाठी पुरलेली तार यावर रंग पडत नाही. त्या मालकांनाच विचाराव्या लागतात आणि त्यांच्याकडून बोट ठेवून दाखवून घ्याव्या लागतात.

जागा निवडताना फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी टाळा. दिसायला ती अंगणाचाच भाग वाटते, पण बहुतेक गावांत तिच्यावर गावाचा हक्क असतो आणि तिथली पाटी गावाची माणसं उचलून नेतात. शेजारच्या घरालाही पाटी असेल तर तुमची अशी लावा की रस्त्यावरून येणाऱ्याला दोन्ही दिसतील. शेजारच्या पाटीच्या ऐन समोर आपली उंच पाटी लावणं नियमात बसत असेलही. तो एजंट मात्र ते विसरत नाही.

'कमिंग सून' (घर लवकरच विक्रीला येतंय) अशी पाटी लावणाऱ्यांनी जरा थांबा. असोसिएशनचं २०२० पासूनचं धोरण असं आहे की घराची सार्वजनिक जाहिरात सुरू झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात लिस्टिंग एमएलएसवर गेलं पाहिजे, आणि अंगणातली पाटी सार्वजनिक जाहिरातीत धरली जाते. २०२५ मध्ये मालकांना काही जास्त पर्याय दिले गेले, पण ते कसे राबवायचे हे एमएलएसवर अवलंबून आहे. फोटोग्राफर यायचा आहे, रंगकाम बाकी आहे आणि तुम्ही उत्साहानं पाटी ठोकून आलात, तर मुदत चालू झाली.

४. दुसऱ्याची पाटी दिसली की त्या दारावर जायचं नाही

नवा एजंट गावात फिरतो, पाट्या बघतो, आणि दोन-तीन महिने हललेलं नाही असं घर दिसलं की वाटतं, मालकांशी एकदा बोलून तर बघू. बोलायचं नाही. आचारसंहितेच्या १६व्या कलमाखाली हे अगदी नाव घेऊन लिहिलं आहे: दुसऱ्या रिअल्टरची पाटी बघून किंवा एमएलएसमध्ये शोधून, ज्यांचं घर आधीच एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच्याकडे, लिस्ट आहे अशा मालकांना फोन करणं किंवा प्रत्यक्ष गाठणं अयोग्य. त्यांनाच नेमकं निवडून पत्र पाठवणंही अयोग्य. गावातल्या सगळ्या घरांना सरसकट पोस्टकार्ड गेलं आणि त्यात ते घरही आलं, तर चालतं.

मालकांनी स्वतः तुम्हाला फोन केला तर मात्र बोलता येतं. तुम्ही सुरुवात केलेली नाही, म्हणून सध्याचा करार संपल्यावर तुम्ही काय कराल, किती घ्याल, हे सांगायला हरकत नाही. पण "त्याला काढून टाका आणि माझ्याकडे या" हे तुमच्या तोंडून येता कामा नये. करारातून बाहेर कसं पडायचं, हे मालकांनी त्यांच्या ब्रोकरला किंवा वकिलाला विचारायचं.

आपल्या लोकांत याचा एक खास प्रकार होतो. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळखीचे कुणी भेटतात, त्यांच्या घरासमोर दुसऱ्याची पाटी असते आणि ते म्हणतात, "अरे, आम्हाला माहीतच नव्हतं तू हे करतोस, नाहीतर तुलाच दिलं असतं." मनात काय येतं ते मला माहीत आहे. त्यावर एवढंच म्हणा: "काका, ज्यांना दिलंय त्यांना पूर्ण वेळ द्या, घर विकलं जाऊ दे." तिथे पुढे बोलू नका. हे सोपं नसतं, पण हेच वागणं बरोबर आहे.

दुसऱ्याच्या पाटीखाली माहितीपत्रकांचा डबा असेल तर एकच पत्रक घ्या. आणि दुसऱ्याच्या ओपन हाऊसमध्ये (घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा) स्वतःची कार्डं वाटू नका.

५. लिस्टिंग तुम्हाला मिळालं, पण जुनी पाटी अजून उभी आहे

सगळ्यात जास्त कटुता इथे होते, म्हणून इथे सावकाश चला.

आधी खात्री करा की जुना करार खरोखर संपला आहे. एमएलएसवर 'एक्स्पायर्ड' (कराराची मुदत संपली) दिसणं वेगळं आणि 'विथड्रॉन' दिसणं वेगळं. बऱ्याच एमएलएसमध्ये 'विथड्रॉन'चा अर्थ घर तात्पुरतं बाजारातून काढलं आहे, करार अजून जिवंत आहे. मालक म्हणतात "आमचं त्यांच्याशी संपलं", पण त्यांच्या दृष्टीनं संपलं म्हणजे एखादा रागाचा फोन झालेला असतो. करार रद्द झाल्याचा जुन्या ब्रोकरच्या सहीचा कागद मागा. नवा करार करण्याआधी जुना चालू आहे का, हे तपासायचा रास्त प्रयत्न करणं आचारसंहितेनं तुमच्यावरच टाकलेलं आहे. जुन्या करारात संरक्षण मुदतीचं कलम असेल तर तेही मालकांना वाचायला सांगा. त्या ब्रोकरनं आणलेल्या खरेदीदारानं त्या मुदतीत घर घेतलं तर कमिशनचा प्रश्न उठू शकतो.

मग जुन्या एजंटला फोन करा. फोन आधी, मेसेज नंतर. घर हातातून गेलेलं असतं, मन दुखावलेलं असतं, आणि तुमचा आवाज ऐकू आला तर मेसेजमधल्या दोन ओळींपेक्षा खूप फरक पडतो. उचलला नाही तर असं काहीसं लिहा:

"नमस्कार, अमुक रस्त्यावरचं घर मालकांनी आजपासून आमच्या ब्रोकरेजकडे दिलं आहे. तुमची पाटी, रायडर आणि लॉकबॉक्स अजून तिथे आहेत. आमचा खांब शुक्रवारी लागायचा आहे. त्याआधी तुमच्या माणसाला पाठवणं जमेल का? जमत नसेल तर तुम्ही सांगाल तिथे मी सगळं नीट पोहोचवतो."

यात घर का विकलं गेलं नाही, किंमत जास्त होती का, फोटो कसे होते, यातलं काही नाही. ते मालकांसमोरही बोलू नका. दुसऱ्या व्यावसायिकाबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं बोलणं १५व्या कलमात बसतं, आणि खरं असलं तरी नवी सुरुवात करताना त्याचा उपयोग नसतो.

दोन कामकाजाचे दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर त्यांच्या ब्रोकरेजच्या ऑफिसला फोन करा, तिथली पाट्यांची व्यवस्था बघणारी व्यक्ती बहुधा दहा मिनिटांत काम करून टाकते. तरीही काही झालं नाही, तर तुमच्या ब्रोकरला सांगा आणि मालकांना ती पाटी आपल्या जमिनीवरून बाजूला ठेवायला सांगा. जमीन त्यांची आहे. पाटीचे आणि लॉकबॉक्सचे आधी फोटो काढा. पत्रा हुकावरून उतरवला की चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये भिंतीला उभा ठेवा, छापलेली बाजू आतल्या अंगाला. रायडर त्याच्याबरोबर, आणि सुटे स्क्रू छोट्या पिशवीत घालून चिकटपट्टीनं मागे लावून टाका. खांब उपटू नका, तो बसवणाऱ्या कंपनीचा आहे आणि तिचा नंबर बहुधा खांबावरच्या छोट्या स्टिकरवर असतो. लॉकबॉक्स कापू नका. कुठे काय ठेवलं आहे, ते त्या एजंटला फोटोसकट कळवा.

जुन्या खांबावर आपला पत्रा लटकवण्याचा मोह टाळा, खांब रिकामा असला तरी. त्याचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असतं.

आणि कधीतरी उलटंही होईल. तुमचं लिस्टिंग संपेल, मालक दुसरीकडे जातील. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी पाटी काढायची ऑर्डर द्या, नव्या एजंटचा फोन येण्याची वाट बघू नका. मागचं दार जरा उचलून उघडावं लागतं, मांजर बाहेर पळतं, असलं काही माहीत असेल तर तेही त्याला सांगा. मालकांची खासगी माहिती, त्यांची आर्थिक निकड, कमीत कमी किती घ्यायला तयार होते, हे मात्र करार संपल्यावरही तुमच्याकडेच राहायला हवं.

६. 'सोल्ड' कुणी लावायचं

घर विकल्याचं म्हणण्याचा हक्क दोघांना: लिस्टिंग ब्रोकर आणि खरेदीदार आणणारा ब्रोकर. पण क्लोजिंग (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होणं) होईपर्यंत खरेदीदाराच्या एजंटला 'सोल्ड'ची पाटी लावायची असेल तर लिस्टिंग ब्रोकरची संमती लागते. ती लेखी घ्या, ईमेलची एक ओळ पुरते.

क्लोजिंग झालं की अंगणाचे मालक बदलले. आता लिस्टिंग एजंटची पाटीसुद्धा नव्या मालकांच्या मर्जीवर उभी असते. पाटी आठवडाभर ठेवायची असेल तर लिस्टिंग एजंटनं नव्या मालकांच्या एजंटमार्फत विचारावं. तुम्ही खरेदीदाराचे एजंट असाल तर आधी जुनी पाटी जाऊ द्या, मग तुमची येऊ द्या. किल्ली हातात घेतलेल्या कुटुंबाचा फोटो काढताना लिस्टिंग एजंटच्या पाटीवर आपला रायडर अडकवणं किंवा त्याचं नाव झाकून उभं राहणं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. पाटी मागे आली तर येऊ द्या, पोस्टमध्ये त्या एजंटचे आभार माना. पुढच्या व्यवहारात तो तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो.

'सोल्ड'ची पाटी महिनोन्‌महिने ठेवणं मला पटत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. न्यू जर्सीतल्या विलिंगबरो गावानं 'फॉर सेल' आणि 'सोल्ड' या दोन्ही पाट्यांवर बंदी घातली होती. कृष्णवर्णीय शेजारी येतील म्हणून गोरी कुटुंबं घाबरून घरं विकत सुटली आहेत आणि पाट्यांची रांग बघून ती भीती वाढते, अशी गावाची चिंता होती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लिनमार्क खटल्यात ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. वंशाची भीती दाखवून लोकांना घर विकायला लावणं १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानं आधीच बेकायदा झालं होतं. पाटी लावायचा हक्क आपल्याला असा मिळालेला आहे. तिचा रस्त्यावरच्या बाकीच्या घरांवर परिणाम होईल अशी भीती लोकांना वाटते हेही त्याच खटल्यात दिसतं, म्हणून काम झालं की ती उतरवावी.

७. ओपन हाऊसचे बाण

रविवारी दुपारी एकाच चौकात पाच कंपन्यांचे बाण असतात. जागा असेल तिथे लावा, दुसऱ्याचा बाण सरकवू नका, फिरवू नका, त्याच्या पुढ्यात आपला लावू नका. कोपऱ्यावरच्या घराच्या गवतात लावायचा असेल तर दार वाजवून विचारा. वाऱ्यानं दुसऱ्याचा बाण पडलेला दिसला तर उभा करून पुढे जा. ओपन हाऊस संपलं की त्याच संध्याकाळी सगळे गोळा करा. विजेच्या खांबावर काहीही ठोकू नका.

८. पाटीवरून आलेला फोन

पाटी वाचून फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: "तुम्ही कुणा एजंटबरोबर काम करताय का?" उत्तर हो असेल तर किंमत, खोल्या, ओपन हाऊसची वेळ सांगा आणि घर बघायला त्यांच्या एजंटमार्फतच या म्हणून सांगा. त्यांचा एजंट आज सुट्टीवर आहे ही तुमच्यासाठी संधी नाही. १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएसवरच्या एजंटला खरेदीदाराला घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झाला आहे.

तुमच्या खरेदीदारांनाही आधीच सांगून ठेवा. फिरताना पाटी दिसली की आपले लोक सरळ त्यावरचा नंबर फिरवतात, "नुसती चौकशी केली" म्हणतात, आणि दोन एजंटांमध्ये विनाकारण ओढाताण होते. पाटीचा फोटो काढून मला पाठवा, फोन मी करतो, असं पहिल्याच भेटीत सांगा.

९. तरी वाद झालाच तर

तुमची पाटी कुणी काढली, त्यावर आपला रायडर लावला, तुमच्या मालकांना गाठलं, असं झालं तर तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. फेसबुकच्या ग्रुपवर टाकू नका. आधी त्या एजंटला शांतपणे फोन करा. बऱ्याचदा बसवणाऱ्या माणसाचा पत्ता चुकलेला असतो किंवा मालकांनीच गवत कापताना पाटी काढून ठेवलेली असते. समाधान झालं नाही तर विषय तुमच्या ब्रोकरकडे द्या, ते त्यांच्या ब्रोकरशी बोलतील. त्यानंतर स्थानिक असोसिएशनकडे ओम्बुड्समन (तक्रार अनौपचारिकपणे मिटवायला मदत करणारी व्यक्ती) किंवा मध्यस्थीची सोय आहे का बघा. आचारसंहितेखालची तक्रार घटना कळू शकली असती तेव्हापासून किंवा व्यवहार संपल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तेव्हापासून १८० दिवसांत करावी लागते.

असोसिएशननं सौजन्याच्या संकेतांची एक वेगळी यादीही केलेली आहे. फोनला वेळेवर उत्तर देणं, किल्ली लगेच परत करणं, दुसऱ्याच्या ओपन हाऊसमध्ये गिऱ्हाईक न शोधणं वगैरे. ती ऐच्छिक आहे, तिच्या आधारावर तक्रार करता येत नाही. समोरचा एजंट रिअल्टर नसेल, नुसता लायसन्सधारक असेल, तर आचारसंहिता त्याला बांधत नाही. तिथे राज्याचा लायसन्स कायदा आणि तो सदस्य असेल तर एमएलएसचे नियम बघावे लागतात, आणि तक्रार राज्याच्या रिअल इस्टेट खात्याकडे जाते.